.२२ साठी परवडणारा स्कोप : २० हजारांत नेमका कशावर पैसा घालावा? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे .२२ ची (०.२२ इंच बोअरची) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, परवाना माझ्याच नावावर. आजवर उघड्या साइटवरच, म्हणजे नळीवरच्या खाच-खुंटीवर नेम धरून, मारत आलो. या हिवाळ्यापासून आमच्या क्लबात आपसातली एक स्पर्धा सुरू होते आहे. रायफल बेंचवर टेकवायची, ५० मीटरवर कागदी कार्ड, स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) चालेल. जमलं तर पुढे १०० मीटरही करू म्हणतात.

बजेट २० हजार, तेही रिंगा-माउंट (स्कोप रायफलीवर बसवायच्या कड्या) धरून. घरच्या अर्थमंत्र्यांकडून पुरवणी मागणी मंजूर होणार नाही.

दुकानदाराने ६-२४×५० (६ ते २४ पटी मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिमीची) दाखवला, आत लाल-हिरवा दिवा लागतो. म्हणाला, याच्यापुढे काही नाही. क्लबातला एक मित्र म्हणतो, साधा ३-९×४० घे आणि मोकळा हो. दोघांपैकी कोणाचं ऐकू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, दिवा कायले पायजे? रात्री स्पर्धा घेऊन राहिले का तुमच्या क्लबात?

बाकी मले त्यातलं काही समजत नाई, पण धागा वाचून राहिलो. येऊ द्या.

प्रोन_पोझिशन

दादा, पैसे खर्च करायच्या आधी एक खात्री करून घ्या. तुम्हाला नक्की कोणत्या स्पर्धेत उतरायचं आहे? जिल्हा, राज्य, राष्ट्रीय हा रस्ता मनात असेल, तर स्कोप घेऊच नका.

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभ्यानं) स्कोप चालत नाही. रायफलीवर भिंग असलेलं काहीही चालत नाही. नजरेचा नंबर असेल तर चष्मा डोळ्यावर घालायचा, रायफलीला लावायचा नाही. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं ते पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली तीही पीप साइटवर. आयएसएसएफमध्ये रायफलीवर दुर्बीण चालते ती रनिंग टार्गेटला, म्हणजे सरकत्या लक्ष्याच्या प्रकारात, आणि तिथेही १० मीटरला ४ पटींची मर्यादा आहे.

शेजारी स्टँडवर स्पॉटिंग स्कोप ठेवायला मात्र परवानगी असते. त्यातून कार्ड बघा, वारा बघा.

मी स्वतः प्रोन मारते. दरवर्षी कोणीतरी नवीन मुलगा झगमगीत स्कोप लावून येतो आणि कोच तो पहिल्याच दिवशी उतरवायला लावतात. म्हणून आधीच सांगितलं.

त्रिमूर्तीनगरकर

धन्यवाद ताई. नाही, ती वाट माझी नाही. वय पन्नाशीच्या पुढे, जवळचा चष्मा लागला आहे, पुढची साइट आता धुरकट दिसते. क्लबाची बेंचवरची मॅच एवढंच ध्येय. नियमात स्कोपला मर्यादा नाही, विचारून घेतलं.

डलासचा_नागपूरकर

मूळचा महालचा, सध्या टेक्सासात. इकडे एनआरएल२२ म्हणून .२२ च्या मॅचेस असतात, २०१७ पासून सुरू आहेत. अंतरं २५ ते १०० यार्ड. त्यात एक बेस क्लास आहे, ज्यात रायफल आणि स्कोप दोन्हींच्या किमतीवर मिळून मर्यादा असते. त्यामुळे "स्वस्तात काय चालतं" ही चर्चा इकडे अखंड चालू असते. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

तुम्ही विचारलंत २४ पट की ९ पट. मी म्हणतो, दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : याचा पॅरलॅक्स किती अंतरावर बसवलाय, आणि तो बदलता येतो का? पॅरलॅक्स म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर (आतली नेमाची फुली) लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणं; ज्या अंतरावर तो बसवलेला असतो तिथे हे होत नाही.

मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलींसाठी बनवलेल्या स्कोपांत तो बहुतेक वेळा १०० यार्डांवर कायमचा बसवलेला असतो. रिमफायरसाठी, म्हणजे .२२ सारख्या छोट्या काडतुसांसाठी, म्हणून बनवलेल्यांत ५० किंवा ६० यार्डांवर. उदाहरणार्थ वॉर्टेक्सचा क्रॉसफायर टू, २-७×३२, रिमफायरचा, तो ५० यार्डांवर बसवलेला येतो. बाहेरून दोन्ही नळकांडी सारखीच दिसतात. पण ५० मीटरवर १०० यार्डांचा स्कोप लावला, की डोळा जरा हलला तरी क्रॉसहेअर कार्डावर सरकताना दिसते. रायफल जागच्या जागी असते, फक्त तुमचं डोकं हललेलं असतं.

बदलता येणारे दोन तऱ्हेचे. एकात पुढच्या काचेभोवतीची रिंग फिरवायची, त्याला एओ म्हणतात. दुसऱ्यात डाव्या बाजूला चाकी असते, ते साइड फोकस. आमच्या मॅचमध्ये एकाच फेरीत ३० यार्डांवरून ९० वर जावं लागतं, घड्याळ चालू असतं, म्हणून सगळ्यांना बाजूची चाकी हवी असते. एथलॉनचा आर्गोस बीटीआर ६-२४×५०, वॉर्टेक्सचा डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४×५०, एलिमेंटचा हीलिक्स ६-२४×५०, हे इकडे नवख्यांच्या रायफलीवर हमखास दिसतात. तिघांचीही चाकी १० यार्डांपर्यंत खाली येते.

पण तुमचं अंतर एकच! बेंचवर बसलात की पुढची रिंग एकदा ५० मीटरला लावायची आणि मॅच संपेपर्यंत विसरायची. हात पुढे नेऊन ती फिरवायलाही बेंचवर काही अडचण नाही. मग बाजूच्या चाकीसाठी जास्तीचे पैसे का मोजायचे? एओवाला ४-१२×४० किंवा ६-१८×४० बघा. तेच काम करतो आणि त्याच दर्जाच्या साइड फोकसपेक्षा स्वस्त पडतो.

शंकासूर

पॅरलॅक्सचा हा बाऊ मला कधी कळला नाही. गाल दर वेळी स्टॉकवर (दस्त्यावर) एकाच जागी टेकवला तर डोळा हलेलच कशाला? जुने लोक ४ पटींच्या साध्या स्कोपावर काय काय मारून गेले.

भूमिती

शंकासूर, तुमचं तत्त्व बरोबर आहे. पण आकडा मांडून बघू.

४० मिमीची पुढची काच, म्हणजे त्रिज्या २० मिमी. पॅरलॅक्स १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर बसवलेला. कार्ड ५० मीटरवर. डोळा पार कडेला गेला तर चूक = २० × (१ − ५०/९१), म्हणजे ९ मिमी. हे जास्तीत जास्त. डोळा अर्धाच सरकला तर साडेचार.

आता ५० मीटरच्या आयएसएसएफ कार्डावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. त्रिज्या सव्वापाच. म्हणजे गोळी चोख, रायफल चोख, वारा नाही, आणि तरीही नुसत्या मानेच्या हालचालीनं दहावरून नऊवर.

तोच स्कोप ५० यार्डांवर बसवलेला असेल तर ५० मीटरवर चूक फार तर २ मिमी. दुर्लक्ष करा. पण तोच घेऊन १०० मीटरवर गेलात की जास्तीत जास्त चूक २४ मिमी होते! तेव्हा धागाकर्त्याच्या मित्राचं ३-९×४० वाईट नाही, जर तो रिमफायरचा असेल आणि १०० मीटरची मॅच नुसत्या गप्पाच राहणार असेल तर.

एक फुकटचा उपाय आहे. काळ्या पुठ्ठ्याची चकती कापून मधोमध २० मिमीचं भोक पाडा आणि पुढच्या काचेवर बसवा. काच अर्धी झाली, म्हणून चूकही अर्धी. भर दिवसा प्रकाश पुरतो.

शंकासूर

मानलं. पुठ्ठ्याचं करून बघतो. (तरी गालाचा मुद्दा सोडत नाही.)

भूमिती

सोडूच नका. स्टॉक खाली असेल आणि स्कोप उंच रिंगांवर, तर गाल टेकत नाही, हनुवटी टेकते. फोमची पट्टी चिकटवून स्टॉक वर घ्या. त्याला शंभर रुपये पुरतात.

जुना_कॅडेट

चर्चा रंगली आहे म्हणून दोन पैसे माझेही. एनसीसीत .२२ डिलक्स हाताळली तेव्हा स्कोप हा प्रकार चित्रातच पाहिला होता. निवृत्तीनंतर हौस केली.

२४ पटींबद्दल नागपूरच्या माणसाने नागपूरचं हवामान लक्षात ठेवावं. जानेवारीच्या सकाळी सात-साडेसातला हवा स्थिर असते, तेव्हा २४ पटींत कार्ड स्वच्छ दिसतं, छिद्रंसुद्धा मोजता येतात. मार्च सरला की साडेनऊच्या पुढे जमीन तापते आणि कार्ड पाण्याखाली ठेवल्यासारखं हलू लागतं. दहाचं वर्तुळ एकदा डावीकडे, एकदा वर. स्कोप जितका मोठा करून दाखवतो तितकं ते हलणंही मोठं होतं. मग मंडळी गुपचूप १०-१२ वर येतात. मे महिन्यात तर विचारूच नका. ४५ अंशांत कोण कशाला रेंजवर जाईल, पण आम्ही जातो.

त्यात रायफलीच्या तापलेल्या नळीची स्वतःची वाफ वेगळी. स्कोपच्या पुढच्या तोंडाला सनशेड लावली की थोडा आराम पडतो. नळीवर कापडी पट्टा आडवा ताणणारेही आहेत.

आणखी एक. उन्हात बंद गाडीत स्कोप ठेवू नका. आतली सीलं आणि चिकटवलेले भाग अशा उष्णतेसाठी नसतात, स्वस्त मालाचे तर नाहीतच.

त्रिमूर्तीनगरकर

काका, म्हणजे १२ पटी ५० मीटरला पुरतात असं धरू का? छिद्र दिसेल?

जुना_कॅडेट

.२२ चं छिद्र साधारण साडेपाच मिमीचं. १२ पटींत ५० मीटर म्हणजे चार मीटरवरून पाहिल्यासारखं. पांढऱ्यावर नक्की दिसेल, काळ्यावर डोळे बारीक करावे लागतील. काळ्यासाठी स्पॉटिंग स्कोप असतो, क्लबात कोणाचा तरी असेलच.

परदेशात बेंचरेस्टवाले ३६ पट आणि त्याहून मोठे स्कोप लावतात हे खरं. पण त्यांच्यापुढे वाऱ्याचे झेंडे ओळीने रोवलेले असतात, रायफल लाखांतली असते आणि एकेक पेटी काडतुसं पारखून घेतलेली असतात. त्या सगळ्याविना ३६ पटी म्हणजे स्वतःच्या नाडीचे ठोके बघत बसणे.

धंतोलीचा_चष्मेवाला

माझा धंदा चष्म्यांचा, नेमबाजी रविवारची. पॅरलॅक्सचं सगळे बोलले. त्याच्या आधीची पायरी कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो.

मागची, म्हणजे डोळ्याकडची काच आधी स्वतःच्या नजरेला लावून घ्या. स्कोप मोकळ्या आभाळाकडे धरा, सूर्याकडे चुकूनही नाही. डोळे मिटा, उघडा, आणि दोन सेकंदांत क्रॉसहेअर कशी दिसली ते बघा. त्याच क्षणी कोरीव, काळी दिसली पाहिजे. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला वाटतं बरोबर बसलं. पन्नाशीनंतर डोळ्याची ही जुळवून घ्यायची ताकद कमी होते, म्हणून मॅचच्या उत्तरार्धात क्रॉसहेअर अंधूक व्हायला लागते आणि दोष स्कोपाला जातो. चष्मा लावून मारणार असाल तर हे चष्मा लावूनच करा. हे झालं की ती रिंग लॉक करा, नंतरच पॅरलॅक्सच्या रिंगेला हात लावा.

दुसरं ५० मिमीच्या काचेबद्दल. स्कोपातून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास म्हणजे पुढची काच भागिले पटी. ४० भागिले १२, तर सव्वातीन मिमी. नागपूरच्या उन्हात बाहुली आवळून दोन-तीन मिमी झालेली असते, त्याहून जास्त प्रकाश आत शिरतच नाही. संध्याकाळी जंगलात बसणाऱ्याला ५० मिमी कामाची. तुम्ही सकाळी मारणार. वर ५० मिमीची काच म्हणजे उंच रिंगा, उंच रिंगा म्हणजे गाल हवेत. त्या दिव्याचंही तेच, दिवसा त्याचा काही उपयोग नाही. ठेचाभाऊंनी पहिल्याच प्रतिसादात निदान केलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

पाहा बे! आणि म्हणे मले समजत नाई.

एअरगन_अमरावती

थोडं अवांतर विचारतो, माफ करा. माझ्याकडे स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, ४.५ मिमी, २० जूलच्या आतली, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. वर सांगितलेला .२२ चा स्कोप तिला चालेल का? .२२ ला धक्का जास्त ना, मग एअरगनला काय होणार, असा विचार करतोय.

डलासचा_नागपूरकर

उलटं आहे. .२२ चा धक्का स्कोपाला कळतसुद्धा नाही. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन पुढे जाऊन आदळतो, म्हणून रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. बहुतेक स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात, पुढच्या झटक्याने आतली भिंगं सुटतात. "एअरगन रेटेड" असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलाच घ्या. शिवाय तुमचं अंतर १०-२५ मीटर असणार, तेव्हा पॅरलॅक्स १० मीटरच्या आसपास यायला हवा.

एअरगनसाठी बनवलेला एओ स्कोप .२२ वर मात्र बिनधास्त चालतो. धागाकर्त्यांनी ते कपाटही बघावं.

भूमिती

क्लिकचं बोलायचं राहिलं. म्हणजे नेम सरकवायचं बटण (टरेट) एक टक् फिरवलं की नेम किती सरकतो ते, एमओए किंवा मिल या कोनाच्या मापात. दुकानदार "पाव एमओए" म्हणतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतो. ५० मीटरवर :

पाव एमओएची एक क्लिक ३.६ मिमी,
एक-अष्टमांश एमओएची १.८ मिमी,
०.१ मिलची बरोबर ५ मिमी.

सव्वापाच मिमी त्रिज्येच्या दहासाठी ५ मिमीची क्लिक जरा जाड होते. झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणताना, कधी डावीकडे अडीच, कधी उजवीकडे अडीच असं अडकून बसता. एकाच अंतराच्या कार्डासाठी मी पाव एमओए घेईन. मिलचे स्कोप वेगवेगळ्या अंतरांवर पटापट हिशोब करायला सोयीचे, डलासकरांच्या मॅचला शोभतात.

तसंच रेटिकल, म्हणजे ती आतली फुली. पटींबरोबर लहान-मोठं होणारं, म्हणजे पहिल्या फोकल प्लेनचं, महाग असतं, आणि एका अंतराला त्याचा फायदा शून्य. दुसऱ्या फोकल प्लेनचं, म्हणजे पटी बदलल्या तरी तेवढंच राहणारं, बारीक क्रॉसहेअर किंवा बारीक ठिपका घ्या. मधली रेघ जाड असेल तर दहाचं वर्तुळच झाकलं जातं. मग कशाचा नेम धरणार?

शंकासूर

सगळं खरं, पण स्वस्त स्कोपाची क्लिक खरोखर पाव एमओए असते हे कशावरून? डबीवर काहीही छापतात. माझ्या एकावर चार क्लिक फिरवल्या तर दोन सरकायचा, आणि दोन गोळ्यांनंतर उरलेल्या दोन आपोआप घ्यायचा.

डलासचा_नागपूरकर

हा या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रश्न. पारखायचं कसं ते लिहितो, एकही गोळी लागत नाही.

रायफलीचा बोल्ट काढून ठेवा. रायफल बेंचवर वाळूच्या पिशव्यांत, जमल्यास शिकंज्यात अशी घट्ट बसवा की ती हलूच नये. ५० मीटरवर पुठ्ठ्यावर ओळंबा धरून एक उभी रेघ मारा आणि तिच्यावर ५० सेंमी अंतराच्या दोन खुणा करा. ५० मीटरवर १० मिल म्हणजे बरोबर ५० सेंमी. एमओएवाला असेल तर १० एमओए म्हणजे १४.५ सेंमी, तशा खुणा करा. आता क्रॉसहेअर खालच्या खुणेवर आणा आणि टरेट तेवढं फिरवा. वरच्या खुणेवर पोहोचतंय का? रेघ सोडून बाजूला तर जात नाही? परत उलटं फिरवा. मूळ खुणेवर येतंय का?

शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची. पाव एमओएच्या जागी प्रत्यक्षात जरा कमी-जास्त सरकत असेल तर चालून जातं, तुम्ही तसा हिशोब कराल. पण परत मूळ जागी येत नसेल तर तो स्कोप घेऊ नका. फुकट दिला तरी.

पॅरलॅक्सही असाच बघा. रायफलीला हात न लावता डोकं डावी-उजवीकडे हलवा, क्रॉसहेअर कार्डावर सरकता कामा नये. आणि रिंगेवर छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका. ५० चा आकडा ५० ला असेलच असं नाही. जिथे सरकणं थांबतं तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, तेच तुमचं ५० मीटर.

प्रोन_पोझिशन

दुकानात रायफल नेता येणार नाही, पण डोकं हलवून बघणं तर जमेल? स्कोप गल्ल्यावर दोन पुस्तकांमध्ये ठेवून समोरच्या दुकानाच्या पाटीकडे लावायचा.

डलासचा_नागपूरकर

जमेल. पाटी किती मीटरवर आहे ते पावलांनी मोजा, रिंग तिथे लावा, मग डोकं हलवा. सोबत टरेट पूर्ण खाली-वर एकदा फिरवून बघा. कुठे मऊ, कुठे घट्ट लागलं तर पुढचा नग मागा. त्याच मॉडेलच्या दोन नगांत बराच फरक असतो, स्वस्तात हे चालायचंच.

जुना_कॅडेट

बिल पक्कं घ्या. परदेशातून परस्पर मागवायच्या भानगडीत पडू नका, कस्टममध्ये अडकला की स्कोपाच्या किमतीएवढी धावपळ. नामांकित कंपन्यांची नक्कल बाजारात भरपूर आहे, अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" सांगणाऱ्याकडून नंबर घेऊन कंपनीकडे ताडून बघा.

त्रिमूर्तीनगरकर

भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, वाचनखूण साठवली. दोन-तीन दुकानं आणि क्लबातला एक विकाऊ स्कोप बघून आलो. आता पुढ्यात हे आहेत :

अ) ३-९×४०, रिमफायरचा, पॅरलॅक्स ५० यार्ड, बदलत नाही. साडेपाच हजार.
आ) ४-१२×४० एओ, पाव एमओए, बारीक क्रॉसहेअर. नऊ हजार आठशे.
इ) दिवेवाला ६-२४×५०, साइड फोकस. साडेसतरा हजार, रिंगा वेगळ्या.
ई) क्लबातल्या एका ज्येष्ठांचा जुना, ३६ पटींचा एकाच पटीचा टार्गेट स्कोप, एओ, एक-अष्टमांश क्लिक. पंधरा हजार म्हणतात.

मनाचा कल आ कडे, पण ई बघितल्यापासून झोप उडाली आहे. काय काच आहे हो!

जुना_कॅडेट

ई वर झोप उडणं साहजिक आहे. पण त्यात पटी खाली आणता येत नाहीत. एप्रिलपासून दहा वाजता तो नुसता उकळतं पाणी दाखवेल. हिवाळ्यातच मारणार असाल आणि वाऱ्याचे झेंडे वाचायला शिकणार असाल तर घ्या. नाहीतर आ.

भूमिती

आ. उरलेले दहा हजार खर्च कसे करायचे ते सांगतो, कारण गुण तिथे आहेत. ताशी १५ किमीचा आडवा वारा ५० मीटरवर .२२ ची साधी गोळी अडीच-तीन सेंमी ढकलतो. सेंमी बरं का, मिमी नाही. कोणताही स्कोप हे दुरुस्त करत नाही. काठीला रंगीत फीत बांधून तीन झेंडे करा, एक तुमच्याजवळ, एक मध्ये, एक कार्डापाशी.

उरलेले काडतुसांवर घाला. दोन-तीन प्रकारची, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (आवाजापेक्षा कमी वेगाची) घ्या आणि प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारून बघा. एकच रायफल एका ब्रँडवर नाण्याएवढा ग्रुप देते आणि दुसऱ्यावर बशीएवढा. हाय व्हेलॉसिटी नको. ती नळीतून आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि वाटेत त्या सीमेच्या खाली येते, तिथेच डळमळते. वाराही तिला जास्त नेतो. नागपूरच्या उन्हाळ्यात एक मजा आहे, ४५ अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास जातो, हिवाळी सकाळी ३३७. साधी गोळी ३२५-३३० ने निघते, तेव्हा उन्हाळ्यात ती त्या सीमेपासून आणखी लांब राहते. घामाघूम झालेल्याला तेवढंच समाधान.

शंकासूर

मीही आ म्हणतो. आणि माझं मत आजवर कोणी मागितलेलं नाही, हेही नोंदवतो.

धंतोलीचा_चष्मेवाला

आ. फक्त त्याचा आय रिलीफ बघा, मागच्या काचेपासून डोळा आठ-नऊ सेंमीवर बसला पाहिजे. तुमचा चष्मा आहे, तेवढी जागा लागेल.

त्रिमूर्तीनगरकर

ठरलं, आ. दुकानात डोकं हलवायचा कार्यक्रम केला, मालक बघतच राहिला. पहिल्या नगाचा टरेट मध्येच घट्ट लागत होता, दुसरा सुरेख. घेतला.

आता माउंटचे दोन प्रश्न. रायफलीवर रिंगा बसवायची खाच आहे, ती ११ मिमीची निघाली. दुकानदार त्यावर पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची धातूची पट्टी) बसवू म्हणतोय, तीही २० एमओए उतार असलेली, "लांबचं मारायला". घेऊ का? आणि रिंगांचे स्क्रू किती आवळायचे?

डलासचा_नागपूरकर

रेल नको. ११ मिमीच्या खाचेला थेट बसणाऱ्या, एक इंची नळीच्या रिंगा मिळतात, त्याच घ्या, आणि जितक्या बुटक्या बसतील तितक्या. वर आणखी एक रेल चढवली की एक सांधा वाढतो, उंचीही वाढते. ५० मीटरला झिरो केल्यावर १०० मीटरला गोळी साधारण २२ ते २५ सेंमी खाली लागते, म्हणजे आठेक एमओए. एवढं तुमच्या टरेटमध्ये आरामात आहे. उताराची रेल २०० मीटरवाल्यांसाठी.

स्क्रू : रिंगांच्या वरच्या टोप्यांना १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे जेमतेम २ न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना क्लबात कोणाकडे असेल तर मागून घ्या. नसेल तर छोटी एल-की तिच्या आखूड बाजूने दोन बोटांत धरून आवळा, मुठीत नाही. तिरप्या क्रमाने, थोडं थोडं. स्वस्त नळी जास्त आवळली की दबते, आणि आतली यंत्रणा अडखळायला लागते. मग लोक म्हणतात स्कोपच खराब निघाला.

भूमिती

आवळायच्या आधी क्रॉसहेअर सरळ करा. ५० मीटरवर ओळंबा टांगा, रायफल लेव्हलमध्ये धरा आणि उभी रेघ दोरीवर आणा. नंतर मारताना रायफल नुसती ५ अंश कलली तर ५० मीटरवर गोळी ११ मिमी बाजूला जाते. तुम्हाला वाटेल वारा होता.

त्रिमूर्तीनगरकर

ओळंबा आहे, घराच्या बांधकामाच्या वेळचा. रविवारी सकाळी साडेसहाला रेंजवर लावतो. आधी ती ५० सेंमीची, चुकलो, माझ्यासाठी १४.५ सेंमीची चाचणी, मग झिरो. शंकासूर, येणार का? तुमचा तो चार क्लिकमध्ये दोन सरकणारा पण घेऊन या, एकाच पुठ्ठ्यावर दोन्ही बघू.

शंकासूर

येतो. पुठ्ठा मी आणतो, तुम्ही चहा आणा.